बेडसोर खोल गेलाय? घरी काय करायचं, काय नाही

बेडसोरला (सतत एकाच जागी पडून राहिल्याने झालेल्या जखमेला) काळी खपली धरली असेल, घाण वास येत असेल किंवा आत हाड दिसत असेल तर घरचे उपाय बंद करा आणि सर्जनला दाखवा, मेलेलं मांस काढल्याशिवाय जखम सहसा भरत नाही. ताप आला, पेशंट बरळायला लागला तर त्याच दिवशी अ‍ॅडमिट.

जखम नॉर्मल सलाईनने (निर्जंतुक मिठाच्या पाण्याने) धुऊन ड्रेसिंग, डॉक्टरांनी सांगितलंय तसंच. खोल खड्ड्यात गॉज (जाळीदार कापडी पट्टी) हलकं भरायचं, कोंबायचं नाही. हळद, पावडर, स्पिरिट काही नको (शेजारच्या काकू सांगतीलच!).

पण खरं काम कूस बदलण्याचं. दर 2 तासांनी, रात्रीसुद्धा, आणि पूर्ण कुशीवर नाही तर पाठीमागे उशी लावून साधारण 30 अंश कलतं, टाचा अधांतरी राहतील अशी पोटरीखाली उशी. ओढून सरकवू नका, चादरीसकट दोघांनी उचला. लाल जागेवर मालिश नको, रिंगची उशीपण नको. पुण्यात एअर बेड भाड्याने मिळतो, पण तो आणला म्हणून कूस बदलणं सुटत नाही हां.

जेवणात अंडी, पनीर, घट्ट वरण. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन किती ते आधी विचारा.