सुतळीचा आकाशकंदील का पिचकला?

गेल्या दिवाळीत फुग्यावर सुतळी गुंडाळून आकाशकंदील केला. टाचणी लावली, फुगा फुटला आणि अख्खा गोल आत पिचकला. लेकीचा चेहराच उतरला.

चूक गोंदात होती. पाणी फार झालं होतं, वाळायलाही जेमतेम एक रात्र दिली होती. यंदा 3 भाग गोंदाला 1 भागच पाणी घातलं. भिजलेली सुतळी दोन बोटांत निथळत आडवी-तिडवी गुंडाळली आणि 2 दिवस सावलीत टांगली (उन्हात फुगा फुटतो). मग गाठीजवळच्या जाड रबराला बारीक भोक पाडून हवा हळूहळू सोडली. रबर चरचर करत सुतळीपासून सुटत गेलं, गोल तसाच राहिला!

आत 5 वॉटचा एलईडी लावला. जुना पिवळा बल्ब फार तापतो, सुतळीजवळ तो नकोच.