घरच्या घरी टिकी कोरायची असेल तर

लाकूडकोरीव कामाचा छंद सुरू करणारे बहुतेक जण पहिल्यांदा गणपती करायला घेतात आणि सोंडेपाशी अडकतात. सोंडेची गोलाई, बोटे आणि दागिने कोरायला नवशिक्याचा हात अजून तयार झालेला नसतो, आणि लाकडाचे धागे कोणत्या दिशेने जातात हेही त्याला अजून समजलेले नसते. टिकीची मूर्ती मात्र पहिल्या कामासाठी सोयीची ठरते, कारण तिचे रूप बारकाव्यांवर उभे नसून खोल कापांवर आणि त्यांत साचणाऱ्या सावलीवर उभे असते. ‘मी टिकी करतो आहे’ असे सांगितल्यावर आमच्याकडे बटाटे किती उकडायचे अशी विचारणा झाली होती, म्हणून टिकी म्हणजे काय हे आधी सांगितलेले बरे.

प्रशांत महासागरातील पॉलिनेशियन बेटांवर लाकडात किंवा दगडात कोरलेल्या मानवाकृती मूर्तींना टिकी म्हणतात. हवाई बेटांवर त्याच शब्दाचे रूप ‘किई’ असे होते, तर न्यूझीलंडच्या माओरी परंपरेतील अनेक कथांमध्ये टिकी हे पहिल्या पुरुषाचे नाव आहे. मार्केसास बेटांवरील टिकीचे मोठे डोके, चष्म्यासारखे वाटोळे डोळे, रुंद तोंड, पोटावर टेकवलेले हात आणि किंचित वाकलेले आखूड पाय ही ठेवण लगेच ओळखू येते. हवाईतील ‘कू’ या देवतेच्या मूर्तींचे तोंड आडव्या आठाच्या आकड्यासारखे उघडे असते आणि नाकपुड्या फुललेल्या असतात. ईस्टर बेटावरील मोआई या प्रचंड दगडी मूर्तींनाही पुष्कळदा टिकीच म्हटले जाते, पण त्यांची परंपरा वेगळी आहे. १८१९ मध्ये हवाईत जुनी धर्मव्यवस्था मोडली गेली आणि तिथल्या बहुतेक मूर्ती नष्ट झाल्या. कूच्या मोठ्या लाकडी मूर्तींपैकी ज्या तीन उरल्या, त्यांतील एक आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि एक होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये आहे. मद्यगृहांच्या सजावटीतली टिकी ही बरीच नंतरची, १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात सुरू झालेली गोष्ट. सातारा-सांगलीच्या गावागावांत देवळाबाहेर उभ्या असलेल्या वीरगळांकडे आपण ज्या नजरेने पाहतो, तशीच काहीशी नजर त्या बेटांवरच्या लोकांची आपल्या मूर्तींकडे असते, म्हणून एखाद्या पूज्य मूर्तीची हुबेहूब नक्कल करण्यापेक्षा ठेवणीचे नियम समजून घेऊन स्वतःचा चेहरा घडवावा आणि त्याचे राखपात्र करू नये, असे माझे मत आहे.

आता लाकडाविषयी, आणि याविषयी थोडे सविस्तरच लिहावे लागेल, कारण फसलेल्या टिकींपैकी निम्म्याहून अधिक पटाशी, म्हणजे लाकूड कोरायचे धारदार हत्यार, लावण्यापूर्वीच फसलेल्या असतात. अमेरिकेतील हौशी कारागीर ताडवर्गीय झाडांचे बुंधे वापरतात म्हणून आपणही बांधावरचा पडलेला माड घ्यावा असे वाटते, पण माडाचे लाकूड बाहेरून कठीण, आत मऊ आणि सर्वत्र दोऱ्यांनी भरलेले असते. पटाशीला जराशी जरी धार कमी असली तरी ते दोरे कापले न जाता उपटून येतात. बाभूळ आपल्याकडे मुबलक आहे, परंतु जे लाकूड बैलगाडीच्या चाकाला पुरून उरते ते नवशिक्याच्या मनगटाला पेलणारे नव्हे. पहिल्या कामासाठी शिवण सर्वांत चांगली, कारण ती हलकी असते, वाळल्यावर फारशी वाकत नाही आणि तिच्यावर काप स्वच्छ उमटतो. शिवण न मिळाल्यास आंबा घ्यावा. पांगारा इतका मऊ असतो की सावंतवाडीची खेळणी परंपरेने त्याचीच होत आली आहेत, पण टिकीच्या भुवईची धारदार कड त्यात टिकत नाही. मिरजेच्या सतारमेकरांकडे तुनीच्या लाकडाचे तुकडे मिळाले तर ते डोळे आणि तोंड यांचा सराव करण्यासाठी जरूर आणावेत.

लाकूड वखारीतून घ्यावे. शेतातले झाड आपलेच आहे म्हणून परस्पर तोडू नये. आंबा आणि फणस ही दोन्ही झाडे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत असून ती तोडण्यासाठी परवानगी लागते. वाऱ्याने पडलेल्या जाड फांद्या किंवा वखारीत फळ्या काढून उरलेले ओंडके यांवर आपले काम सहज भागते.

माझा पहिला ओंडका आंब्याचा होता, ताजा आणि सालीसकट. मी तो विकत घेत असतानाच वखारीतल्या मिस्त्रींनी सांगितले होते, “अजून ओलं आहे सर, आत्ता कोरलंत तर उन्हाळ्यात तोंड फाटंल.” मला घाई होती. फेब्रुवारीत पूर्ण झालेली ती टिकी सांगलीच्या एप्रिलमध्ये कपाळापासून हनुवटीपर्यंत एका सरळ रेषेत उकलली आणि त्या फटीत करंगळी जात होती. याचे कारण लाकडाच्या रचनेत आहे. वाळताना लाकूड वर्तुळांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्यापासून सालीच्या दिशेने आकसते, त्यामुळे गाभा मध्ये असलेल्या अखंड गोल ओंडक्याला कुठेतरी फाटावेच लागते. यावर उपाय असा, की ओंडका वखारीतच गाभ्यातून उभा चिरून घ्यावा आणि अर्धगोल तुकड्यावर काम करावे. चिरलेली सपाट बाजू मूर्तीची पाठ होते, गाभा मोकळा झाल्याने ताण निघून जातो आणि शिवाय तुकडा पकडायला सोपा जातो.

अर्धा ओंडका घरी आणल्यावर त्याच्या दोन्ही तोंडांना मेण किंवा फेविकॉलचा जाड थर द्यावा, कारण पाणी तोंडाकडून सर्वांत वेगाने उडते आणि भेगा तिथूनच सुरू होतात. त्यानंतर तो सावलीत, जमिनीपासून उंच, वारा लागेल असा ठेवावा. इंचभर जाडीला एक वर्ष हा जुना ठोकताळा आहे, पण छंदासाठी इतका धीर कोणाजवळ असतो? चिरून वर्षभर पडलेला तुकडा वखारीतच शोधावा आणि घरी आणल्यावर दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन करून भिंतीवर लिहीत जावे. लागोपाठ चार-पाच रविवार वजन जागचे हलले नाही, म्हणजे लाकूड कोरण्याजोगे झाले. हा प्रयोग पावसाळ्यात करू नये, विशेषतः महाबळेश्वर-पाटणच्या बाजूला, कारण तिथे जुलैमध्ये वाळलेले लाकूडसुद्धा हवेतला ओलावा पिऊन पुन्हा जड होते.

हत्यारे थोडीच लागतात: पाऊण इंची आणि पाव इंची अशा दोन सपाट पटाश्या, अर्ध्या इंचाची एक गोल पटाशी, बारीक दातांची करवत, लाकडी मोगरी, कानस आणि दोन क्लॅम्प. स्वस्त संच घेऊन पैसे वाचवले तरी चालतील, मात्र धार लावण्याच्या दगडावर काटकसर करू नये. दोन बाजूंचा कार्बोरंडम दगड घ्यावा, पटाशीचा उतार सुमारे २५ अंशांवर स्थिर धरून ती घासावी आणि शेवटी चामड्यावर उलटी ओढावी. मी त्यासाठी जुन्या कोल्हापुरी चपलेचा तळ पाटावर चिकटवला आहे. धार पाहण्यासाठी अंगठ्याऐवजी लाकडाचा आडवा छेद वापरावा. पटाशीने कापलेला भाग चकाकला तर धार चांगली आहे, पांढुरका आणि चुरडलेला दिसला तर पुन्हा दगडाकडे जावे.

तुकडा ३६ सेंटिमीटर उंच आणि सुमारे १६ सेंटिमीटर व्यासाच्या ओंडक्याचा अर्धा भाग आहे असे धरू. पाठीमागून एका फळीला तो दोन स्क्रूंनी बसवावा, स्क्रू लाकडात दोन सेंटिमीटरपेक्षा आत जाऊ देऊ नयेत, आणि ती फळी टेबलाला क्लॅम्पने आवळावी. यामुळे दोन्ही हात हत्यारावर आणि धारेच्या मागे राहतात. एका हातात लाकूड धरून दुसऱ्या हाताने पटाशी चालवणाऱ्याला टाके पडतात. वरून खाली मोजत ६ सेंटिमीटर कपाळ आणि शिरोभूषण, १२ सेंटिमीटर भुवईपासून हनुवटीपर्यंतचा चेहरा, ८ सेंटिमीटर धड, ६ सेंटिमीटर पाय आणि उरलेली ४ सेंटिमीटर बैठक अशा आडव्या रेषा कागदाची पट्टी गुंडाळून आखाव्यात. डोके निम्मे झाले म्हणून दचकू नये, टिकीचा रुबाब त्यातच आहे. मधोमध उभी रेषा काढून चेहऱ्याचा एकच अर्धा भाग कागदावर रेखावा आणि कागद दुमडून कार्बनने दुसरी बाजू उतरवावी.

सुरुवात चेहऱ्यापासून करू नये. आधी करवतीने हनुवटीखाली मधोमध अडीच सेंटिमीटर खोल काप घ्यावा, मग करवत कलती करून तोच काप दोन्ही कडांपर्यंत न्यावा. असाच दोन सेंटिमीटरचा काप पोटाखाली आणि एक सेंटिमीटरचा नाकाच्या टोकाखाली घ्यावा. हे काप म्हणजे बांध होत. पुढे पटाशीने निघणारी ढलपी त्या बांधापाशी थांबते आणि हनुवटीचा कपचा उडत नाही. त्यानंतर छातीच्या बाजूने वर हनुवटीकडे उतरत्या मार्गाने लाकूड काढावे. नेहमी उंच भागाकडून खोल भागाकडे कापावे, हा एकच नियम धाग्यांच्या बाबतीत पाठ करून ठेवावा, कारण खोलीतून वर पटाशी नेली की ती धाग्यांमध्ये शिरते आणि नको तिथली ढलपी उचलते.

चेहऱ्यात नाकाचे टोक ही सर्वांत उंच जागा असून तिथे मूळ सालीखालची पातळी जवळजवळ तशीच ठेवावी. नाकाच्या दोन्ही बाजूंना भुवईच्या रेषेवर पटाशी उभी मारून खालून लाकूड काढत जावे, भुवईखाली किमान दोन सेंटिमीटर खोली मिळेपर्यंत. नवशिके नेमके इथे कच खातात. पाऊण सेंटिमीटर झाले की पुरे वाटते आणि मग चेहरा नाण्यावरच्या चित्रासारखा चपटा दिसतो. डोळ्यांचे वाटोळे ठोकळे त्या खोल जागेत राखून ठेवावेत, त्यांच्याभोवती गोल पटाशीने कडे कोरावे आणि बुबुळ शक्यतो कोरूच नये. तोंडासाठी आधी रुंद पट्टी उंच ठेवून मग तिच्या आत खणावे; दात हवे असतील तर ते खणण्यापूर्वी आखावेत, कारण काढलेले लाकूड परत बसवता येत नाही.

मी रोज काम थांबवताना खोलीतला दिवा बंद करतो आणि मोबाइलचा टॉर्च मूर्तीच्या कानाजवळ, भिंतीला समांतर धरतो. समोरच्या उजेडात जे नाक व्यवस्थित वाटत होते ते अशा वेळी डावीकडे फेंगडे दिसते, एका भुवईची सावली डोळा पुरता झाकते आणि दुसरीची अर्ध्यावरच संपते. जिथे सावली तुटली असेल तिथे पेन्सिलीने फुली करायची आणि दुसऱ्या दिवशी फक्त त्या फुल्यांवरच काम करायचे.

हात पोटावर आडवे घ्यावेत, बोटांसाठी तीन-चार सरळ खाचा पुरतात. पाय आखूड आणि गुडघ्यात वाकलेले ठेवावेत.

काचपेपर जपून वापरावा, खरे तर टाळावा; पटाशीचे स्वच्छ पैलू हीच या मूर्तीची कांती आहे आणि घासून गुळगुळीत केलेली टिकी साबणाच्या वडीसारखी दिसते. घासायचेच असेल तर तोंडाला मास्क लावून अंगणात घासावे. काळा रंग हवा असल्यास बाभळीच्या सालीचा दाट काढा लाकडावर द्यावा आणि तो वाळल्यावर गंजके खिळे आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून केलेले पाणी वरून फिरवावे. सालीतील टॅनिन आणि लोह यांच्या संयोगाने लाकूड डोळ्यांदेखत काळे पडते. शेवटी बेलतेलाचे, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचे, दोन पातळ हात द्यावेत आणि दोन हातांमध्ये पुरेसा दिवस-दीड दिवस जाऊ द्यावा. तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. ते आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून ते पाण्यात बुडवावेत किंवा दोरीवर उलगडून वाळवावेत. मूर्ती पश्चिमेच्या उन्हात किंवा पागोळ्यांखाली ठेवू नये, आणि पहिल्या पावसानंतर महिनाभर तिच्या पायाशी बारीक पीठ पडते आहे का हे पाहत राहावे. पीठ दिसले तर आत कीड आहे, आणि त्या छिद्रांत केरोसीन सोडावे लागते.