बसून गोळाफेक करायचीय? मग थ्रो चेअर जवळच्या वेल्डरकडूनच करून घ्या

पोलिओ असू दे, मणक्याची इजा, सीपी (सेरेब्रल पाल्सी) किंवा पाय कापलेला असू दे, गोळाफेक-थाळीफेक करायची इच्छा खूप जणांना असते पण गाडी अडते ती खुर्चीवर. रोजच्या व्हीलचेअरवर बसून जोरात फेकायला गेलं की ती मागे सरकते नाहीतर कलंडते, बाहेरून फेकीची खास खुर्ची म्हणजे थ्रो चेअर (हिलाच फ्रेमपण म्हणतात) मागवायची तर परवडत नाही, मग विषय तिथेच राहतो. राहू देऊ नका. थ्रो चेअर म्हणजे शेवटी चौकोनी पाइप, बसायला एक प्लेट, एक दांडा आणि चार-सहा पट्टे, त्याला चाकंसुद्धा नसतात. गेट-ग्रील करणारा चांगला मिस्त्री ती आरामात करतो. फक्त माप तुमच्या अंगाचं पाहिजे. दुसऱ्याच्या फ्रेमचा फोटो दाखवून "अशीच द्या" एवढं मात्र सांगू नका, कारण त्याचा तोल वेगळा, तुमचा वेगळा.

वय झालंय असं वाटत असेल तर होकाटो सेमा यांचं बघा. सुरुंगाच्या स्फोटात पाय गेलेला हा जवान पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमधून या खेळाकडे वळला, सुरुवात केली २०१६ मध्ये म्हणजे वयाच्या ३२ व्या वर्षी, आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकला एफ५७ गटात (अपंगत्व कसं आहे त्यावरून पाडलेला बसून फेकणाऱ्यांचा गट) १४.६५ मीटर फेकून ब्राँझ आणलं. आणि आपल्या नांदेडच्या भाग्यश्री जाधव, त्यापण बसूनच गोळा फेकतात, एफ३४ गटात, पॅरिसच्या उद्घाटनाला सुमित अंतिलसोबत तिरंगा त्यांच्या हातात होता.

आता माप. एका कडक स्टुलावर बसा, मऊ खुर्चीवर नको, आणि कोणालातरी टेप धरायला सांगा. कमरेची रुंदी घ्या आणि दोन्ही बाजूला एकेक बोट जागा ठेवा, जास्त नको, नाहीतर फेकताना अंग आत घसरतं. मग पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत मांडीची लांबी घ्या, हे माप सगळ्यात महत्त्वाचं, कारण नियमाप्रमाणे फेकताना मांडी आणि बूड सीटला टेकलेलंच पाहिजे, उचललं गेलं की थ्रो फाउल. शेवटी गुडघ्यापासून टाचेपर्यंत, ते फूटरेस्टसाठी.

उंचीचा नियम पक्का लक्षात ठेवा, सीट जमिनीपासून गादीसकट ७५ सेंटीमीटरच्या वर जाता कामा नये. म्हणजे गादी दहाची असेल तर लोखंडी सीट ६५ वर, आणि मी तर म्हणेन अजून दोन सेंटीमीटर कमीच ठेवा, स्पर्धेत मोजताना धाकधूक नको. सीटची प्रत्येक बाजू कमीत कमी ३० सेंटीमीटर लागते. सीट सपाट हवी किंवा मागे उतरती चालते, पुढे उतरती अजिबात चालत नाही, हे मिस्त्रीला दोनदा सांगा. एक अडचण आधीच विचारात घ्या, व्हीलचेअरची सीट साधारण पन्नासच्या आसपास असते आणि तिथून पंच्याहत्तरवर चढायचं म्हणजे खांद्यावर मोठा लोड येतो, त्यामुळे मधे एक मजबूत स्टूल किंवा दोन माणसं ठेवा, आणि अगदी नवीन असाल तर थोडी बुटकी फ्रेम करून सुरुवात केली तरी काही बिघडत नाही.

मटेरियल दीड इंची चौकोनी एमएस (साध्या लोखंडाचा) पाइप, दोन एमएम जाडीचा घ्या, पातळ घेतला तर दांड्यावर जोर आला की अख्खी फ्रेम थरथरते. खालचा पाया सीटपेक्षा रुंद करा आणि चारही कोपऱ्यांना जाड कड्या वेल्ड करून घ्या, त्यात बेल्ट अडकवायचेत. गोळाफेकीचं वर्तुळ २.१३५ मीटरचं असतं, फूटरेस्ट धरून सगळी फ्रेम त्यात बसली पाहिजे.

दांडा हा खरा खेळ आहे. मोकळ्या हाताने तो धरूनच अंग ओढलं जातं आणि गोळ्याला वेग मिळतो. तो एकाच तुकड्याचा, सरळ, गोल किंवा चौकोनी पाइपचा हवा, वाकवलेला चालत नाही, आणि लवचिक तर नाहीच. जागा मात्र कागदावर ठरत नाही, म्हणून पुढच्या पाइपवर तीन-चार ठिकाणी बुश (दांडा आत बसेल अशा छोट्या नळ्या) लावून घ्या आणि दांडा नटबोल्टने हलवता येईल असा ठेवा. मिस्त्रीला आधी सगळं नुसतं टॅक मारायला (ठिपक्यांनी तात्पुरतं जोडायला) सांगा, तिथेच दुकानात बसून पुढे-मागे झुका, हात लांबवल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहतं का बघा, पटलं की मग फुल वेल्डिंग. यासाठी मिस्त्रीची दुपार गेली तरी पैसे द्या त्याचे, पण घाई करू देऊ नका.

पट्टे मांडीवर, कमरेला आणि गरज असेल तर गुडघ्याजवळ. इलास्टिक चालत नाही, नायलॉनचाच पट्टा घ्या, जुन्या बाजारात गाडीचे सीटबेल्ट मिळतात ते मस्त काम देतात.

कातडीची काळजी, हे प्लीज वरवर वाचू नका. ज्यांना कमरेखाली जाणीव नाही त्यांना उन्हात तापलेल्या पत्र्याचा चटका कळतच नाही, फोड आल्यावर समजतं आणि मग जखम महिनोन्महिने भरत नाही. सगळ्या कडा ग्राइंडरने गोल करा, गादी पूर्ण सीटभर ठेवा, फ्रेम सावलीत ठेवा आणि प्रॅक्टिस झाल्यावर आरशात बूड-मांड्या बघाच. मणक्याची इजा मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल तर घामपण नीट येत नाही, स्प्रेची बाटली जवळ हवी. आणि अशा माणसाचं डोकं अचानक ठणकायला लागलं तर ताठ बसवून ठेवा, पट्टे लगेच सैल करा, लघवीची नळी अडकलीय का बघा, आणि कमी झालं नाही तर थेट दवाखाना.

बोटांची पकडच नसेल तर गोळ्याच्या मागे लागू नका, क्लब थ्रो करा. ३९७ ग्रॅमचा लाकडी दांडका असतो, बाटलीसारखा. पॅरिसला धरमबीर आणि प्रणव सूरमा यांनी त्यात एफ५१ गटात गोल्ड आणि सिल्व्हर दोन्ही आणलं.

तुमचा गट युडीआयडीवरच्या (सरकारी अपंगत्व कार्डावरच्या) टक्क्यांवरून ठरत नाही, स्पर्धेआधी क्लासिफायर म्हणजे गट ठरवणारे तपासनीस स्नायूंची ताकद आणि हालचाल तपासून ठरवतात, म्हणून एमआरआय, जुने रिपोर्ट सगळे फाइलला लावून न्या.

मैदानात फ्रेम बांधायला ट्रकवाल्यांचे रॅचेट बेल्ट आणि लांब लोखंडी खुंट्या लागतात. खुंट्या फ्रेमपासून लांब, बाहेर कललेल्या ठोका, बेल्ट समोरासमोरचे जोडीने आवळा, एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी असं केलं तर फ्रेम तिरकी बसते. मग जड माणसाला बसवून दांडा जोरात ओढायला लावा, जरा जरी हलली तर परत आवळा. बांधायला स्पर्धेत वेळ मोजून मिळतो आणि सगळे थ्रो एकामागून एक द्यायचे असतात, त्यामुळे बांधायचीपण प्रॅक्टिस करा, ज्यांच्यासोबत स्पर्धेला जाणार त्याच माणसांना घेऊन, घड्याळ लावून.