मॉनिटर स्पीकर घेण्याआधी दोन जोड्या समोरासमोर कशा ऐकायच्या

आधी कबुली देऊन टाकतो. माझी पहिली मॉनिटर स्पीकरची (रेकॉर्डिंग-मिक्सिंग करताना ऐकायचे स्पीकर) जोडी मी दुकानात जेमतेम दहा मिनिटं ऐकून उचलली होती. एक बटण दाबलं की ही जोडी, दुसरं दाबलं की ती जोडी, आणि दुसरीत काय तो बेस, काय ती वरची चमक, म्हटलं झालं, हीच घ्यायची. नंतर काही कामाने परत तिथे गेलो तेव्हा सहज मागे वाकून बघितलं तर त्या जोडीचा मागचा नॉब शेजारच्या जोडीपेक्षा बराच पुढे होता. कोणी मुद्दाम केलं असेल असं नाही, पण मी निवडला होता तो फक्त मोठा आवाज. तोवर घरी माझे सगळे मिक्स (वेगवेगळे आवाज जुळवून तयार केलेली गाणी) बाहेर वाजवले की पोकळ वाटायला लागले होते, कारण स्पीकर बेस फुगवून दाखवायचा आणि मी तो कापत बसायचो.

तर पहिलं काम, आवाज सारखा करणं. बाकी सगळं त्यानंतर. दोन स्पीकरमध्ये एखाद डेसिबलचा फरक असला तर कानाला तो 'मोठा' असा जाणवत नाही, 'जास्त क्लिअर', 'जास्त भरीव' असा जाणवतो, आणि आपण त्याला क्वालिटी समजतो. नुसत्या अंदाजाने नॉब फिरवून हे जमत नाही. पिंक नॉइजची (सगळ्या फ्रिक्वेन्सींचा मिळून सरसर आवाज) फाइल घ्या, एका वेळी एकच स्पीकर चालू ठेवा, तुम्ही बसता तिथे कानाच्या उंचीवर फोन ठेवून एसपीएल मीटरचं (आवाजाची पातळी मोजणारं) अ‍ॅप लावा (त्यात सी वेटिंग, स्लो हे सेटिंग निवडा) आणि दोन्ही जोड्या अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. फोनचं मीटर आकडा चुकीचा दाखवत असेल, पण दोन्हीसाठी सारखाच चुकीचा दाखवेल, आपल्याला तेवढं पुरतं. यात एक मेख आहे. एका स्पीकरला बेस जास्त असेल तर पूर्ण पिंक नॉइजवर मीटर त्या बेसनेच वर जातं आणि मग त्याचं मिडरेंज (मधल्या फ्रिक्वेन्सी) उगाच दबकं राहतं. म्हणून नॉइज ५०० ते २००० हर्ट्झमध्ये कापून घेतलेला बरा, कुठल्याही डीएडब्ल्यूमध्ये (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) दोन फिल्टर लावले की झालं. फोन एकाच जागी राहू द्या, हातात धरून हलवत बसू नका.

ऐकायचं किती मोठ्याने? साधारण बोलण्यापेक्षा थोडं वर, ७५ ते ८० डेसिबलच्या आसपास, आणि मग एकदा मुद्दाम अगदी हळू. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच दाखवून दिलंय की हळू आवाजात आपल्याला खालच्या फ्रिक्वेन्सी कमी ऐकू येतात, म्हणजे आवाजाची पातळी बदलली की तोच स्पीकर वेगळा भासतो. आज हळू ऐकलेल्या ए जोडीची काल जोरात ऐकलेल्या बी जोडीशी तुलना केली तर तिला काही अर्थ नाही.

आता जागा. लोक स्पीकरला शिव्या घालतात, पण अर्ध्या वेळा गुन्हेगार खोली असते. तीन मीटर लांबीची खोली असेल तर त्या लांबीमुळे साधारण ५७ हर्ट्झला पहिला मोड (खोली जिथे स्वतःच घुमते ती फ्रिक्वेन्सी) येतो, तिथे एका कोपऱ्यात बेस घुमतो आणि खोलीच्या मधोमध तोच बेस गायब. याशिवाय स्पीकरच्या मागच्या भिंतीवरून परत येणारा आवाज. खालच्या फ्रिक्वेन्सी सगळ्या दिशांना पसरतात, त्या भिंतीवर आपटून येतात आणि स्पीकरचं तोंड भिंतीपासून ६० सेंटीमीटरवर असेल तर साधारण १४३ हर्ट्झला मूळ आवाजाला खातात, तिथे खड्डा पडतो. हा खड्डा ईक्यूने (ठरावीक फ्रिक्वेन्सी वाढवून) बुजत नाही कारण तुम्ही जेवढं वाढवाल तेवढंच भिंतही परत पाठवते. आणि 'माझा पोर्ट (बेससाठीचं भोक) पुढे आहे त्यामुळे भिंतीला चिकटवला तरी चालतं' असं जे म्हणतात ना, ते अर्धंच खरं आहे, पोर्टला हवा मिळेल, पण भिंतीचा हा खेळ सीलबंद डब्यालाही चुकत नाही.

याचा तुलनेशी संबंध असा की ए जोडी डेस्कवर आणि बी जोडी मागच्या कपाटावर ठेवून ऐकली तर तुम्ही दोन जागा ऐकताय, स्पीकर नाही. दोन जोड्या एकाच वेळी एकाच जागी ठेवता येत नाहीत हे कबूल, म्हणून मी असं करतो: ए चा एकच आणि बी चा एकच स्पीकर शेजारी शेजारी, दोन्हीचे ट्वीटर (वरच्या फ्रिक्वेन्सी वाजवणारा छोटा भाग) कानाच्या उंचीवर, दोन्हींचं तोंड माझ्याकडे, आणि मोनोमध्ये (डावं-उजवं एकत्र करून) ऐकायचं. मग दोघांच्या जागा बदलायच्या आणि परत तेच सगळं. जागा बदलल्यावर मत बदललं तर ते मत जागेचं होतं. मोनो कशाला, आपण तर जोडी घेणार, असं वाटेल, पण स्टिरिओचा पसारा दोष झाकतो, एकच स्पीकर समोर असला की त्याचं नाकातून बोलणं, डब्यातून बोलणं लगेच पकडता येतं. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांच्या ऐकण्याच्या प्रयोगांतही हेच दिसलंय की मोनोत माणसं फरक जास्त नीट ओळखतात.

आणि बघू नका. हे ऐकायला येडपटपणा वाटतो पण सगळ्यात जास्त फायदा यातच आहे. १९९४ मध्ये शॉन ऑलिव्ह आणि टूल यांनी हार्मन या स्पीकर कंपनीत तेच स्पीकर तेच श्रोते घेऊन एकदा दिसत असताना आणि एकदा पडद्याआड ऐकवले, आणि गुण बदलले, दिसत असताना आकार आणि ब्रँड मतात घुसला. आपण काय त्यांच्यापेक्षा शहाणे आहोत का. एक पातळ कापड मध्ये टांगा, मित्राला स्विच करायला बसवा आणि त्याला सांगा की तोंडातून शब्द काढायचा नाही, चेहराही दाखवायचा नाही. तो नाणं उडवून ए की बी ठरवेल, तुम्ही कागदावर लिहाल. १० पैकी ९ वेळा ओळखू आला तर फरक खरा आहे. ५-६ वेळाच आला तर दोन्ही तुमच्यासाठी सारखेच, मग जो स्वस्त पडतो आणि ज्याची सर्व्हिस मिळते तो घ्या आणि मोकळे व्हा. स्विचिंग झटपट व्हायला हवं, वायर काढून घालण्यात अर्धा मिनिट गेला की आधीचं कानात राहत नाही. ऑडिओ इंटरफेसला (कॉम्प्युटर आणि स्पीकर जोडणारा डबा) चार आउटपुट असतील तर एक जोडी १-२ वर, दुसरी ३-४ वर, आणि सॉफ्टवेअरमधूनच लेव्हल जुळवून स्विच करा.

वाजवायचं काय यावर लोक फार डोकं खातात. माझं म्हणणं, झकपक मास्टर केलेली गाणी थोडीच ठेवा, ती कुठल्याही स्पीकरवर बरी वाजतात. त्यापेक्षा बोलण्याचं रेकॉर्डिंग घ्या, तेही अशा माणसाचं ज्याचा आवाज तुम्ही रोज समोरून ऐकता, कोरडं, रिव्हर्बशिवाय (घुमण्याशिवाय). माणसाच्या आवाजाबाबतीत आपला कान फसत नाही. छातीत घुमल्यासारखा आला की खालचं मिडरेंज फुगलंय, सर्दी झाल्यासारखा आला की त्याच्या वर कुठेतरी गडबड आहे. आपल्या भाषेत तर आयती टेस्ट आहे: 'चहा' मधला च आणि 'चाक' मधला च. दुसऱ्यातली हवा जास्त वरच्या फ्रिक्वेन्सीत असते. चांगल्या स्पीकरवर हे दोन च सरळ वेगळे ऐकू येतात, वरचं रेंज विस्कटलेलं असेल तर दोन्ही सारखेच फिसफिसतात. मग तबला. डग्ग्यावर हाताची टाच घासत मींड घेतली की सूर खालून वर सरकतो, तो सरकताना मध्येच एखादी जागा फुगली किंवा बुडली तर कळतं, मात्र ते खोलीमुळेही असू शकतं म्हणून जागा बदलून पुन्हा ऐका.

आणि तुमचा स्वतःचा एक फसलेला मिक्स नक्की न्या. कुठे काय चुकलंय ते तुम्हाला आता माहीत आहे, गाण्याखाली गिटार दडलीय की किक आणि बेस एकमेकांवर बसलेत. ज्या स्पीकरवर ती चूक तुम्हाला टोचते तो कामाचा, ज्याच्यावर तोच मिक्स छान वाटायला लागतो त्याच्यापासून लांब राहा. यामाहाचा एनएस-१० आठवा, १९७८ मध्ये घरी ऐकायचा स्पीकर म्हणून आला, बेस तोकडा, मिडरेंज अंगावर येणारं, ऐकायला सुखद अजिबात नाही, आणि तरी २००१ मध्ये बंद होईपर्यंत जगभरच्या स्टुडिओत कन्सोलवर तोच पांढऱ्या कोनचा डबा दिसायचा.

यानंतर मात्र पूर्ण जोडी लावून एकदा स्टिरिओ बघाच. तुम्ही आणि दोन स्पीकर मिळून तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण. मोनो आवाज वाजवला तर तो दोघांच्या बरोब्बर मध्ये, एका बिंदूतून आल्यासारखा यायला हवा. पसरट आला किंवा एका बाजूला झुकला तर डावा-उजवा स्पीकर अदलाबदल करा. झुकाव स्पीकरबरोबर गेला तर जोडीत फरक आहे, जागच्या जागी राहिला तर खोलीत. मग डोकं फूटभर बाजूला न्या, उभं राहा. टू-वे स्पीकरमध्ये वूफर (खालच्या फ्रिक्वेन्सी वाजवणारा भाग) आणि ट्वीटर क्रॉसओव्हरपाशी (जिथे काम एकाकडून दुसऱ्याकडे जातं), म्हणजे बहुतेक वेळा १.५ ते ३ किलोहर्ट्झच्या मध्ये कुठेतरी, एकत्र वाजतात आणि वर-खाली हललं की एकमेकांना कापतात, त्यामुळे उभं राहिल्यावर थोडं बदलणारच. पण बाजूला सरकल्यावर सगळा वरचा भाग नाहीसा होत असेल तर रोज काम करताना मान आखडेल. आणि म्हणूनच, उभ्या ठेवायच्या डिझाइनचे स्पीकर छान दिसतात म्हणून आडवे झोपवू नका.

स्पेक्स वाचायची असतील तर थोडं वकिलासारखं वाचा. '४५ हर्ट्झपर्यंत' या वाक्याला एकट्याला काही किंमत नाही, किती डेसिबल खाली ते विचारा. उणे १० डेसिबलला ४५ म्हणणारा स्पीकर उणे ३ ला ५० म्हणणाऱ्यापेक्षा प्रत्यक्षात तोकडाही निघू शकतो. वॅट दुप्पट झाले म्हणजे फक्त ३ डेसिबल वाढले, ५० आणि १०० मध्ये हरखून जाण्यासारखं काही नाही. कमाल एसपीएल लिहिलं असेल तर पीक की सलग, एका स्पीकरचं की जोडीचं, हे छोट्या अक्षरात असतं. पॉवर्ड आणि अ‍ॅक्टिव्ह हे शब्दही लोक एकच समजून वापरतात. खऱ्या अ‍ॅक्टिव्हमध्ये आधी सिग्नल विभागला जातो आणि वूफर-ट्वीटरला वेगवेगळा अ‍ॅम्प असतो, नुसत्या पॉवर्डमध्ये एकच अ‍ॅम्प आणि मागे साधा पॅसिव्ह क्रॉसओव्हर असू शकतो, कधी तर एकाच डब्यात दोघांचा अ‍ॅम्प आणि दुसरा डबा नुसता वायरीवर. सीटीए-२०३४ या स्पीकर मोजायच्या प्रमाणित पद्धतीने मोजलेले ग्राफ मिळाले तर सोनं, समोरची रेष सपाट आहे का आणि बाजूच्या रेषा उड्या न मारता हळूहळू उतरतात का एवढं बघितलं तरी यादीतले अर्धे गळतात.

किरकोळ पण रोज छळणाऱ्या गोष्टी पटकन सांगतो. मागचे सगळे ट्रिम स्विच (बेस-ट्रेबल कमी-जास्त करणारे) आधी फ्लॅटवर आणा, डेमोचा स्पीकर कोणी काय करून ठेवलाय सांगता येत नाही. काहीही न वाजवता शांततेत ट्वीटरपाशी कान न्या, मग बसायच्या जागेवरून ऐका, तिथपर्यंत हिस्स येत असेल तर रात्री हळू काम करताना तो डोक्यात जाईल. ३० ते २०० हर्ट्झचा सावकाश साइन स्वीप (खालून वर सरकत जाणारा एकच सूर) द्या, मध्यम आवाजात, पोर्टमधून फसफस किंवा कॅबिनेटची थरथर असली तर तिथेच उघडी पडते, फक्त ती थरथर टेबलावरच्या पेनाची नाही ना ते बघा. ऑटो स्टँडबाय बंद करता येतो का विचारा, नाहीतर शांत पॅसेज ऐकताना स्पीकर झोपी जातो. वायर बॅलन्स्ड (बाहेरची खरखर कमी धरणारी) वापरा, दोन्ही जोड्यांना सारखीच.

शक्य असेल तर परत करायची मुदत आधी नीट विचारून मगच घरी आणा, आणि त्या मुदतीत एक काम पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच्यावरच करा. मग ते कारमध्ये, फोनवर, इअरफोनवर वाजवा आणि प्रत्येक ठिकाणी काय दुरुस्त करावंसं वाटलं ते लिहा. तीनही ठिकाणी एकच तक्रार, समजा 'बेस कमी', आली तर आधी स्पीकर वीस-तीस सेंटीमीटर पुढे-मागे करून बघा, तरी नाही सुधारलं तर परत करा. तोवर खोका, थर्माकोल, पिशव्या काही फेकू नका, आणि दोन्ही स्पीकरच्या मागचे सीरियल नंबर फोटो काढून ठेवा.