क्लोरप्रोमाझिन चालू असताना विदर्भातला उन्हाळा कसा काढावा

क्लोरप्रोमाझिन जुनं औषध. मानसिक आजारावर त्याचा वापर १९५२ साली पॅरिसमध्ये सुरू झाला; भास, संशय, अति उत्तेजना यांवर ते आजही दिलं जातं. झोप आणि शांतपणा लवकर येतो, पण कानातले आवाज, संशय ओसरायला आठवडे लागतात. 'गुण नाही' म्हणत पंधरा दिवसांत गोळी सोडू नये.

गुंगी येते, म्हणून मोठा डोस बहुधा रात्री असतो. ॲसिडिटीचं औषध त्याच वेळी घेतलं तर गोळी नीट शोषली जात नाही. दोन तासांचं अंतर ठेवा. मोहाची दारू पूर्ण बंद.

उभं राहताना बीपी उतरतो. पहाटे तेंदूपत्त्याला निघायच्या घाईत बाजेवरून ताडकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस पडतो. आधी पाय खाली सोडून दोन मिनिटं बसावं.

सगळ्यात जपायचं ते उन्हाला. शरीराचं तापमान सांभाळणारी मेंदूतली यंत्रणा या औषधाने ढिली पडते. हातापायांना कडकपणा येऊ नये म्हणून सोबत ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी असेल तर घामही कमी येतो. चंद्रपुरात पारा ४५ च्या वर गेला की हे दोन्ही मिळून घात करतात. शेतातलं काम सकाळी दहाच्या आत उरकावं, दुपारी सावलीत थांबावं. त्वचा लवकर भाजते, म्हणून पूर्ण बाह्या आणि डोक्याला दुपट्टा हवाच. तहान लागायची वाट न पाहता पाणी, आंबील, पन्हं घेत राहावं. खिशात कांदा ठेवून भागत नाही.

अंग तापलं आणि माणूस बरळू लागला तर सावलीत न्या, अंगावर ओलं कापड टाकून वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. तापासोबत हातपाय लाकडासारखे ताठले असतील, तर ही औषधाचीच जीवघेणी रिॲक्शन असू शकते, आणि ती थंडीतही होते. पुढची गोळी न देता थेट जिल्हा रुग्णालय गाठा. गोळ्यांची पट्टी सोबत घ्या.

मान वळणं, डोळे वर चढणं, जबडा अडकणं हे 'बाहेरचं' नव्हे, औषधाचाच परिणाम आहे. हॅलोपेरिडॉल या अशाच दुसऱ्या औषधाने ते जास्त होतं. भगताकडे वेळ घालवू नका. दवाखान्यात प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं की बहुधा अर्ध्या तासात मान सुटते.

गोळ्या एकदम बंद करू नयेत. पेरणीच्या धांदलीत पट्टी संपते, म्हणून आठवडाभर आधीच आणून ठेवा. अडलं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. फोन मोफत आहे.