छाटणीनंतरच्या फवारण्या: भिजलेला सदरा घरात नेऊ नका

ऑक्टोबर छाटणी झालेल्या द्राक्षबागा पोंगा अवस्थेत (डोळे फुटू लागलेत) आहेत आणि परतीचा पाऊस अजून रेंगाळलाय. डाऊनी या बुरशीरोगाच्या धास्तीनं दिवसाआड ब्लोअर (ट्रॅक्टरचा फवारणी पंप) चालू आहे. फवारणी थांबवा असं मी म्हणणार नाही, या हवेत बाग मोकळी सोडली तर घड हाती लागत नाही. पण फवारणीचे कपडे सांभाळा, हे आजच करा.

डाऊनीसाठी फवारतो ते मँकोझेब हे बुरशीनाशक ओल आणि उष्णतेनं विघटित होतं, त्यातून ईटीयू (इथिलीन थायोयुरिया) तयार होतं. थायरॉईड ग्रंथी आयोडीनपासून संप्रेरक बनवते ती ज्या विकरावर, त्यालाच ईटीयू अडवतं. संप्रेरक घटलं की टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं मेंदूकडचं संप्रेरक, रक्त तपासणीत कळतं) चढतो. मेक्सिकोत पाठीवरच्या पंपानं याच गटातली बुरशीनाशकं फवारणाऱ्या मजुरांत टीएसएच वाढलेला आढळला होता. युरोपीय संघानं 2020 मध्ये मँकोझेबची परवानगी पुढे वाढवली नाही. आपल्याकडे ते चालू आहे.

आणि आपला गडी ब्लोअरवरून उतरतो तो चिंब सदऱ्यातच भाकरीला बसतो. काखेत, मानेवर पिवळसर डाग वाळलेले असतात. तोच सदरा घरच्या धुण्यात पडतो आणि घरातली बाई तो उघड्या हातानं घासते. ती पोटुशी असेल तर? पहिले तीन महिने बाळाची ग्रंथी चालू झालेली नसते, त्याचा मेंदू आईच्याच थायरॉक्सिनवर, म्हणजे थायरॉईडच्या संप्रेरकावर, घडतो.

म्हणून कपडे शेडवरच उतरवा, तिथंच साबणानं अंघोळ करा. धुणं वेगळ्या बादलीत, रबरी हातमोजे घालून, ज्यानं फवारलं त्यानंच करावं. माझं निरीक्षण असं की दव असताना फवारलं की कपडे दुप्पट भिजतात, त्या दिवशी कपड्यांचा जोड बदलाच.

बाकी कामं:
- मँकोझेब 75 टक्के: 2 ते 2.5 ग्रॅम प्रति लिटर
- ढवळायला काठी, हात नाही
- द्रावण लागेल तेवढंच, रात्रभर ठेवू नये
- वाऱ्याकडे तोंड करून फवारू नये

दुकानदार 'नवीन औषध' म्हणून महागडा पुडा देईल. तो उलटा करून वाचा: सायमॉक्झॅनिल 8 टक्के अधिक मँकोझेब 64 टक्के, किंवा मेटॅलॅक्झिल-एम 4 अधिक मँकोझेब 64. औषध बदललं म्हणून तुम्ही निर्धास्त होता, आणि अंगावर मँकोझेबच पडत राहतं. वरून टॉनिक, स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रावण) गळ्यात मारतात, ते घेऊ नका.

फवारणाऱ्यानं आणि त्याचे कपडे धुणाऱ्या बाईनं हंगाम संपताच टीएसएच तपासून घ्यावा. थकवा, वजन वाढणं, पाळी बिघडणं, गळ्याला सूज, यातलं काही असेल तर हंगाम संपायची वाट बघू नका. थायरॉईडला कारणं इतरही असतात, म्हणून डॉक्टरांना कोणती औषधं फवारता ते सांगा आणि रिकामा पुडा धुतलेल्या पिशवीत घालून सोबत न्या.