मारिओ ३: दोन शिट्ट्यांत थेट आठव्या वर्ल्डमध्ये

‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ (१९८८) या व्हिडिओ गेमच्या मूळ कॅसेटमध्ये खेळ सेव्ह होत नाही. आपल्या विदर्भातल्या खेड्यात लाइन गेली की सगळं पहिल्यापासून. म्हणून मधली वर्ल्ड गाळून पुढे नेणाऱ्या जादूच्या शिट्ट्या आधी मिळवा.

पहिली १-३ मध्ये, म्हणजे पहिल्या वर्ल्डच्या तिसऱ्या टप्प्यात. शेवटाकडच्या पांढऱ्या ठोकळ्यावर उभे राहून खालचं बटण सुमारे ५ सेकंद दाबून धरा; मारिओ देखाव्यामागे पडतो. लगेच उजवीकडे पळत सुटा. रेंगाळलात तर तो परत पुढे येतो आणि शिट्टी हुकते.

दुसरी त्याच वर्ल्डच्या किल्ल्यात. इथे पानाची शेपटी (पान घेतल्यावर मारिओला मिळणारी, उडायला लागणारी) लागतेच, तेव्हा वाटेत मार खाऊ नका. हाडांच्या कासवावर उडी मारा, तो परत उठायच्या आत बी दाबून धावा. पडद्याखालच्या वेगाच्या पट्टीतला पी लुकलुकला की ए पटापट दाबत दाराआधीच छतावरून उडा, अडेपर्यंत उजवीकडे जा, मग वरचं बटण. टर्बो (आपोआप पटापट दाबलं जाणारं) बी वापरू नका, पट्टी भरतच नाही. टर्बो ए मात्र उडायला उत्तम.

पहिली शिट्टी नकाशावर वाजवा, दुसरी तिथून पोहोचलेल्या पाइपांच्या बेटावर.

कॅसेट लागत नसेल तर फुंकू नका, ओलाव्याने आतल्या धातूच्या पट्ट्या गंजतात. कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसा, पूर्ण वाळू द्या.